सड्यावरचं घर: नाचणे-कुवारबावकडे जागा बघणाऱ्यांसाठी

घर बघायला मे महिन्यात आलात तर भिंती बघूच नका, नळ बघा. आमच्याकडे रत्नागिरीत मुंबई-पुण्याची बहुतेक माणसं आंब्याच्या दिवसांत येतात. दोन दिवस गणपतीपुळे, एक दिवस पावस आणि मधल्या एखाद्या सकाळी फ्लॅट. तेव्हा आकाश मोकळं, भिंती खडखडीत वाळलेल्या, जिन्याला नुकताच रंग मारलेला. त्या दिवशी रत्नागिरीतली कुठलीही बिल्डिंग चांगलीच दिसते. भिंती बघायच्या त्या जुलैत. सुट्टी नसते, गाड्या फुल्ल असतात, घाटात दरड येते, ही सगळी कारणं मला ठाऊक आहेत. तरी जुलैत या.

हे सांगणारी मी कोण? एका वकिलांच्या ऑफिसात दस्त टाइप करण्यात माझी हयात गेली. शिवाय नाचण्यातल्या आमच्या सोळा बिऱ्हाडांच्या सोसायटीची सेक्रेटरी मीच, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं. त्यामुळे लोकांचे कागद आणि लोकांची गळती, दोन्ही माझ्याच दारात येतात.

खाली की वर

रत्नागिरी म्हणजे खालचं जुनं गाव आणि वरचा सडा, म्हणजे कातळाचं पठार. खाली मांडवी, राजिवडा, झाडगाव, मिऱ्या. चढून आलात की मारुती मंदिर, साळवी स्टॉप, आणि पुढे नाचणे, कुवारबाव, शिरगाव, मिरजोळे, खेडशी. नवी वस्ती सगळी या वरच्या अंगाला वाढली आहे. पत्त्यावर "रत्नागिरी" लिहिलं तरी यातला बराच भाग नगर परिषदेत नाही, ग्रामपंचायतींत आहे. म्हणजे पाणी कुणाचं, कचरा कोण उचलतं, घरपट्टी कुठे भरायची, बांधकामाची परवानगी कुणी दिली, ही सगळी उत्तरं रस्ता ओलांडला की बदलतात. जागा आवडली की पहिला प्रश्न हाच विचारा, की हद्द कुणाची. दुसरा प्रश्न, कचरा कुठे जातो. याचं उत्तर "गाडी येते" एवढंच मिळालं, तर ती किती दिवसांनी येते हे शेजारच्या बिल्डिंगमध्ये जाऊन विचारा.

डोंबिवलीचा माझा भाचा फ्लॅट शोधत होता तेव्हा त्याचं एकच पालुपद, "मावशी, समुद्र दिसला पाहिजे." मी त्याला म्हटलं, समुद्र बघायला भाट्याला जा, संध्याकाळी रिक्षाने परत ये. गॅलरीतून दिसणाऱ्या समुद्राचे बिल्डर वेगळे पैसे लावतो आणि समुद्र पुढे आयुष्यभर वेगळे पैसे लावतो. खारा वारा एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी खातो, ग्रिल खातो, मीटरबॉक्सची कडी खातो. स्टीलचं रेलिंग ३०४ ग्रेडचं असेल तर त्यावर तांबूस डाग पडायला लागतात. समुद्राच्या तोंडावर ३१६ लागतं आणि ते महाग. किनाऱ्यालगतच्या जमिनीला सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) बंधनं असतात ती वेगळीच. तुरळक वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम जवळपास बंद असतं. "सी-टच प्लॉट" अशी पाटी दिसली की मला आधी सीआरझेडचा नकाशा आठवतो.

चिपळुणात घेणाऱ्यांसाठी एक ओळ: वाशिष्ठी नदीची पूररेषा नकाशावर बघितल्याशिवाय तळमजला घेऊ नका. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१, दोन्ही पूर एकाच पिढीने बघितले.

जुलैत काय बघायचं

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आकड्याहून वाईट म्हणजे तो तिरका पडतो. नैऋत्येचा वारा झड घेऊन येतो आणि ती भिंतीवर सरळ आपटते. म्हणून फ्लॅटमध्ये शिरल्यावर हॉलमध्ये थांबू नका, दक्षिण-पश्चिम कोपऱ्यातल्या खोलीत जा. खिडकीच्या चौकटीखाली तळहात फिरवा. कपाट उघडून आत वास घ्या. पलंगामागची भिंत बघायला मागा. नवा रंग फक्त तेवढ्याच भिंतीला असेल तर का, ते विचारा. वरचा मजला असेल तर स्लॅबच्या कडेने पिवळट कडं आहे का बघा. नंतर खाली उतरून लिफ्टच्या खड्ड्यात पाणी आहे का, तेही बघा.

खिडक्यांवर छज्जा किती पुढे आलाय हे रस्त्यावरूनच दिसतं. आपल्या जुन्या घरांचं छप्पर पडवीवर पार खाली उतरलेलं असायचं, ते उगाच नव्हे. हल्ली पुण्यातलं एलिव्हेशन उचलून इथे लावतात. सपाट भिंत, मोठी काच, छज्जा नावाला वीतभर. असल्या इमारतीत चार महिने खिडकी उघडता येत नाही. दोन फुटांचा छज्जा असलेली कुरूप बिल्डिंग मी कधीही आधी घेईन.

बाहेरची भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची असेल तर तिला बाहेरून गिलावा हवाच. जांभा मुळात सच्छिद्र, तो पाणी पितो. गॅलरीच्या आणि छज्ज्याच्या खालच्या अंगाला सळईच्या रेषेत सरळ भेग आणि तपकिरी डाग दिसले, तर आत लोखंड गंजतंय. काही जुन्या बांधकामांत खाडीची वाळू नीट न धुता वापरली गेली, तिच्यातलं मीठ पुढे सळया फुगवतं. वरून पुट्टी मारून हा आजार जात नाही. दहा-पंधरा वर्षं जुना फ्लॅट घेताना हे डाग मोजून मगच भाव करा.

गच्चीवर पत्र्याची शेड असणं चांगलं, गळती निम्मी तिथेच थांबते. पण ती मंजूर नकाशात आहे का आणि पत्रे कशाने धरलेत, हे बघा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडचे पत्रे कुठल्या कुठे उडाले. वादळ नसेल त्या दिवशी वानरं असतात. त्यांना पत्र्यावर नाचायला आवडतं आणि टाकीचं झाकण उघडायला त्याहून आवडतं. झाकण तारेने बांधलेलं दिसलं तर समजा, या सोसायटीत कुणीतरी लक्ष घालतं आहे.

सडा उतरणीवर कापून बांधलेल्या इमारती अलीकडे फार झाल्यात. मागे उभा कापलेला डोंगर असेल तर छत्री घेऊन मागे जा. वर जांभा कडक दिसतो, पण त्याच्या खाली पुष्कळदा पांढरट-गुलाबी मऊ माती असते आणि पाणी भरलं की ती सरकते. संरक्षक भिंत असली पाहिजे, त्या भिंतीत पाणी निघायला भोकं असली पाहिजेत, आणि जोराच्या पावसात त्या भोकांतून पाणी वाहताना दिसलं पाहिजे. भोकं कोरडी आणि भिंत फुगलेली असेल, तर फ्लॅट किती का स्वस्त असेना, निघा.

बिल्डिंग अजून बांधून व्हायची असेल तर त्याच बिल्डरची पाच-सहा पावसाळे झालेली इमारत शोधा. वरच्या मजल्यावरची बेल वाजवा आणि दार उघडणाऱ्या बाईंना विचारा, "पावसात कपडे कुठे वाळवता?" त्या तुम्हाला घरात घेतील आणि ब्रोशरमध्ये नसलेलं सगळं सांगतील.

मे महिन्यातला नळ

एवढा पाऊस पडून मे महिन्यात टँकर, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. कातळ पाणी धरून ठेवत नाही. पावसाळ्यात काठोकाठ भरलेली विहीर एप्रिलात तळ दाखवते. शहराची मदार शीळ धरणावर आहे. ग्रामपंचायतींचं आपापलं वेगळं. म्हणून "पाणी चोवीस तास" याला काही अर्थ नाही. तुमच्या गच्चीतल्या टाकीचा नळ चोवीस तास असतो, प्रश्न त्या टाकीत पाणी कोण घालतं याचा आहे.

सोसायटीकडे मागच्या वर्षीचा हिशोब मागा आणि टँकरची ओळ शोधा. तो खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळी वर्गणी काढतात, तेही विचारा. नव्या इमारतीत बोअरवेल दाखवतात. ती कुठल्या महिन्यात मारली हे विचारा. सप्टेंबरात लागलेलं पाणी मेमध्ये असेलच असं नाही.

विहीर असेल तर तिच्यापासून सेप्टिक टँक आणि शोषखड्डा किती लांब, हे पावलांनी मोजा. इकडे बहुतेक इमारतींना सेप्टिकच असतं आणि जांभ्यातून ते पाणी लांबवर झिरपतं. पन्नास-साठ फुटांहून कमी अंतर असेल तर पाणी तपासून घ्या, आणि फक्त आपल्या नव्हे, शेजारच्या कंपाऊंडमधल्या शोषखड्ड्याचंही अंतर बघा. गडग्यापलीकडचं, दगडी कुंपणापलीकडचं, कुणी बघत नाही.

कागद

आता माझ्या आवडीचा विषय. बिल्डर फाईल देतो त्यात सातबारा असतो, पण त्यावर विसंबू नका. सरकारी साईटवर १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, तो आपण काढा. मालकाचं नाव सगळेच वाचतात. तुम्ही "इतर हक्क" आधी वाचा. बँकेचा बोजा, कुणाची वाट, कुणाची विहीर, कूळ, सगळं तिथे बसलेलं असतं.

कोकणातल्या सातबाऱ्याची दोन दुखणी. एक म्हणजे नावं. जमिनीच्या एका गटावर तीस-चाळीस सहहिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत, काही वारलेले आणि वारसनोंद झालेलीच नाही. "आमचं घरगुती वाटप झालंय" हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की आता टाइप करतानाही मला ते खरं वाटत नाही. वाटप नोंदलेलं आहे का, ते बघा. लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या सह्या आहेत का, ते बघा. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच हक्क मिळाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर उरलीसुरली शंकाही मिटवली. एखादी बहीण "मला काही नको गं" म्हणत असेल, तर तेच हक्कसोडपत्रावर लिहून नोंदवलेलं असू दे. बिल्डर कुलमुखत्यारपत्रावर सही करत असेल तर ते कुणाकुणाचं आहे, ती नावं सातबाऱ्याशी एकेक करून जुळवा. हे कंटाळवाणं काम आहे. करायचं.

दुसरं दुखणं कूळ. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी दुसऱ्याची जमीन कसणारी कुळं कूळकायद्याने मालक धरली गेली. अशा जमिनीवर "कलम ४३ च्या बंधनास पात्र" असा शेरा असतो आणि ती विकायला परवानगी लागायची. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कुळाने जमीन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर मार्ग सोपा झाला, पण नजराणा (त्यासाठी सरकारला द्यायची रक्कम) भरल्याची पावती आणि फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) फाईलला हवाच. जमीन वर्ग १ (विकायला मोकळी) आहे की वर्ग २ (विकण्यावर बंधन असलेली), हेही तिथेच लिहिलेलं असतं. वकिलांकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या आणि पेपरात जाहीर नोटीस द्यायला लावा. नोटिशीचे चार पैसे वाचवणारा माणूस मला कधी कळला नाही.

वाट हा तिसरा मुद्दा, तो कागदापेक्षा जागेवर कळतो. मुख्य रस्त्यापासून बिल्डिंगपर्यंतचा तुकडा कुणाच्या नावावर आहे? एका इमारतीचं मला ठाऊक आहे: पोचरस्ता जमीनमालकाच्या चुलत्याच्या गटातून जात होता, तो तोंडी "जा हो" म्हणाला होता. फ्लॅट विकले गेले, चुलता वारला, मुलाने गडगा घातला. मोजणीचा नकाशा मागा, त्यावर रस्ता दाखवलेला असला पाहिजे आणि वाटेचा हक्क दस्तात लिहिलेला असला पाहिजे. कुवारबावकडे महामार्गालगत काही घेत असाल तर चौपदरीकरणासाठी किती जागा गेली आणि आपल्या गेटपर्यंत उतार कुठून येतो, हे आधी चालत जाऊन बघा.

बाकीचं भराभर सांगते. जमीन बिनशेती असल्याचा कागद हवा. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष इमारत यांचे मजले जुळले पाहिजेत; एक मजला जास्त निघण्याचे प्रकार होतात. भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) हवं, ते "येतंच आहे" असं ऐकलं तर येईपर्यंत थांबा. ग्रामपंचायतीच्या असेसमेंट उताऱ्याला नाव आहे म्हणजे मालकी आहे, असं मुळीच नाही, तो कर गोळा करण्याचा कागद आहे. स्वतःचा बंगला बांधायला मोकळी जमीन बघत असाल, तर शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागतो. तुकडेबंदीचे नियम अलीकडे बदलत आहेत, त्यामुळे "आता दोन गुंठेपण होतात" हे एजंटकडून ऐकू नका, दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात जाऊन विचारा.

महारेराचा, म्हणजे रेरा कायद्याखाली प्रकल्प नोंदल्याचा नंबर मागा. मात्र जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर ही नोंदणी लागत नाही, आणि आमच्याकडे अशा लहान इमारती भरपूर. तिथे करारच तुमचं संरक्षण, तेव्हा तो वाचून घ्या. नोंदणीतल्या प्रकल्पात करार रजिस्टर होण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. "बुकिंगला पंचवीस टक्के द्या, पार्किंग फ्री" म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगा.

पैसे

कार्पेट एरियावर, म्हणजे भिंतींच्या आतल्या जागेवर भाव करा, "सेलेबल" (जिना वगैरेचा वाटा धरून फुगवलेलं क्षेत्र) हा शब्द निघाला की टेप काढा. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला जीएसटी ५ टक्के. ४५ लाखांच्या आतला आणि ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतचा असेल तर १ टक्का. भोगवटा प्रमाणपत्र आल्यावर घेतला तर शून्य. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. मुद्रांक शुल्काचा दर हद्दीप्रमाणे बदलतो, आणि करारातली रक्कम किंवा सरकारी मूल्य यांत जे जास्त त्यावर लागतो. फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर त्यात एक टक्का सूट आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की ती गेली. यावरून ऑफिसात मी नवरा-बायकोची भांडणं ऐकली आहेत. नवऱ्यांना तो एक टक्का अचानक फार लहान वाटायला लागतो.

कुलपं मोजा

हे कुणी सांगत नाही. फेब्रुवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवारी, सातच्या सुमाराला, बिल्डिंगसमोर उभे राहा आणि किती खिडक्यांत दिवे आहेत ते बघा. गणपतीत आणि शिमग्याला सगळी बिल्डिंग उजळलेली असते, तो हिशोब धरू नका. किंवा मीटरच्या खोलीत जा. ज्या मीटरचा लाल दिवा लुकलुकत नाही, ते घर बंद.

निम्मे फ्लॅट बंद असलेल्या इमारतीत राहणं म्हणजे निम्म्या माणसांनी पूर्ण बिल्डिंग ओढणं. वरच्या बंद घरात जुलैत पाईप फुटतो, पाणी तुमच्या छताला येतं, किल्ली ठाण्याला असते. मीटिंगला कोरम होत नाही. मेंटेनन्स "गणपतीत आल्यावर देतो". बंद फ्लॅटला नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणूनचं शुल्क) लावता येत नाही. तो भाड्याने दिला तरच, तोही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत. त्यामुळे घेण्याआधी सोसायटी नोंदलेली आहे का, जमिनीचं अभिहस्तांतरण (ती सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का आणि थकबाकीची यादी किती लांब आहे, हे तिन्ही विचारा. यादी दाखवायला सेक्रेटरी कां-कूं करत असेल तर ती लांब आहे. आम्ही प्रत्येक बंद घराची एक किल्ली गावातल्या कुणाकडे तरी ठेवायला लावली आणि जूनच्या आधी मुख्य नळ बंद केल्याचा फोटो ग्रुपवर मागतो. कटकट वाटते लोकांना. वाटू दे.

आणि तुम्ही स्वतःच वर्षातून दोनदा येणार असाल, तर मोठा फ्लॅट घेऊ नका. चार महिने बंद राहिलेल्या खोलीत गादीला बुरशी धरते, किती खोल्या तितक्या गाद्या.

ताबा घेतल्यावर

दस्त नोंदला की सूची २ ची (इंडेक्स टूची) प्रत घ्या, असेसमेंटला नाव लावा, वीजमीटर नावावर करा, सोसायटीचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) घ्या. हे त्याच महिन्यात करा, पुढे माणूस विसरतो.

उन्हाळ्यात ताबा मिळाला तर पहिल्याच वर्षी पश्चिमेच्या भिंतीला कपाट ठोकून घेऊ नका. एक पावसाळा ती भिंत उघडी ठेवा. ओल कुठून येते ते ऑगस्टपर्यंत कळतं. आलीच, तर तारखेसह फोटो काढा आणि बिल्डरला लेखी कळवा, फोनवर नव्हे. रेरा कायद्याने ताब्यापासून पाच वर्षांतला बांधकामाचा दोष त्याने स्वतःच्या खर्चाने, कळवल्यापासून तीस दिवसांत दुरुस्त करायचा असतो. पत्राची पोच घ्या, आणि ती फाईलमध्ये सातबाऱ्याच्या मागे लावून ठेवा.